बांधानी हिंग

शहापुरात, एका बोळाच्या तोंडाशी आमचा छापखाना.
मशीन एक, संगणक एक, आणि मी.
चिरमुऱ्यांची, मसाल्यांची, कुंद्याच्या डब्यांची
लेबलं मी जुळवतो. वर कानडी, मध्ये इंग्रजी,
आणि गिऱ्हाईकाला हौस असली
तर कोपऱ्यात मराठी.
आमच्याकडं पाटीवरून दगड पडलेत.
लेबलावरून कुणी भांडलेलं
मी तरी बघितलं नाही.

रेणूला आठवं लागलं आणि गहू बंद झाला.
डॉक्टर म्हणाले, जन्मभर.
मी विचारलं, म्हणजे चपाती ना?
म्हणाले, म्हणजे कणसुद्धा नको.
तेव्हापासून घरात दोन पोळपाट, दोन पराती,
तिच्या उलथण्याला लाल दोरा.
राजश्रीला कानडी येत नाही,
पण *गोधी* एवढा एक शब्द
ती दुकानाच्या फळीवर लांबून ओळखते,
गर्दीत उधारीवाला ओळखावा तसा.

मावशीच्या लग्नात मांडे आले,
घडीवर घडी, पिठीसाखर सांडत.
वाढपी म्हणाला, घे की गं, एकानं काय हुतंय?
हुतंय, म्हणाली.
पूजेच्या शिऱ्याला तर लेबलच नसतं.
तिनं द्रोण कपाळाला लावला
आणि माझ्या हातात दिला.

तरी पोट फुगायचंच.
जोंधळ्याची भाकरी, भात, आमटी,
आणि वजन अठरावर अडलेलं.
शेजारीण म्हणाली, दृष्ट काढा.
तीही काढली.

मग एका रविवारी राजश्रीनं
हिंगाची डबी उन्हात धरली.
लेबल गोल फिरून जिथं स्वतःवरच चिकटतं
त्या शिवणीखाली नख घातलं, सोललं.
आत एक ओळ. मुंगीच्या पायांची.
वाचा म्हणाली.
चष्मा आतल्या खोलीत होता.
मला चष्मा लागला नाही.
*यात गहू आहे.*
ती ओळ मीच बसवली होती.

आठवलं सगळं. संकेश्वरचे बसगौडा,
दिवाळीची घाई, दहा हजार नग.
गोधीचं सण्ण करा री, म्हणाले होते,
देवी मोठी येऊ दे.
मी बारीक केलं. परत बारीक केलं.
मग डिंकाच्या पट्टीत सरकवलं
आणि प्रूफवर सही घेतली.
कायद्याला ओळ पाहिजे होती,
ओळ होती.

डबी कचऱ्यात गेली.
बिनहिंगाची आमटी पहिले चार दिवस
कुणाच्या घशाखाली उतरेना, नंतर उतरली.
तीन महिन्यांत रेणू दीड किलोनं वाढली.
दवाखान्याच्या काट्यावरून उतरताना
तिनं माझ्याकडं बघितलं,
मी केसपेपर घडी करत होतो.

बसगौडा परत आले. नवा छाप.
या खेपेला मराठी पण घाला,
निपाणीकडं माल जायलाय.
मी तीन लिप्यांत ओळ बसवली,
दर्शनी, देवीच्या पायाखाली, आठ पॉइंटात.
प्रूफ त्यांनी हातभर लांब धरलं.
येवढं मोठं? गिऱ्हाईक भ्यालं तर?
भिऊ दे की, म्हणालो.
पाच करा.
आठ.
चहा आला. चहा गार झाला.
सातावर मिटलं.
रेणूचं नाव मी काढलं नाही.
काढलं असतं तर कदाचित
आठसुद्धा मिळाले असते,
पण मग मागची दिवाळी पण निघाली असती.

आता शाळेत तिला कानडी आहे.
दुकानात पाकीट उलटं करते,
बोट ठेवून अक्षर अक्षर लावते,
गो, धी,
आणि फळीवर परत ठेवते, जागच्या जागी.
राजश्रीला मी अजून सांगितलेलं नाही.

दहा हजारांतल्या किती डब्या
अजून कुणाकुणाच्या फोडणीत आहेत
त्याची नोंद छापखान्यात नाही.
बिलाची आहे.